पाटी हार्वर्डची, प्रयोगशाळा वुहानची

विद्यापीठांना संयुक्त प्रयोगशाळांची भारी हौस. करारावर सह्या होतात, दोन झेंड्यांमध्ये उभं राहून फोटो काढले जातात, भिंतीवर पाटी लागते. पाटीमागे काय चालतं हे विचारायला कुणाला फुरसत नसते. अमेरिकेतल्या केंब्रिज गावाने तर याच्याही पुढची मजल मारली. तिथल्या हार्वर्ड विद्यापीठाला, म्हणजे खुद्द भागीदारालाच, भागीदारीचा पत्ता नव्हता.

चीनमधल्या वुहान तंत्रज्ञान विद्यापीठात हार्वर्डच्या नावाची संयुक्त नॅनो प्रयोगशाळा थाटात उभी होती. नाव हार्वर्डचं, बोधचिन्ह हार्वर्डचं. हार्वर्डच्या कारभाऱ्यांना याचा सुगावा लागला तो २०१५ साली. पत्रिकेत वर म्हणून नाव छापलेल्या माणसाला लग्नाची बातमी शेजाऱ्याकडून कळावी, तशातली गत.

ही सोयरीक जुळवली होती हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स लीबर यांनी. माणूस मोठा, काम सूक्ष्म. केसाहून हजारो पटींनी बारीक नॅनोतारा बनवण्यात त्यांचा हातखंडा. इलेक्ट्रॉनिक जाळी गुंडाळून इंजेक्शनच्या सुईतून उंदराच्या मेंदूत सोडायची आणि आत ती आपोआप उलगडायची, ही करामत त्यांच्या गटाने २०१५ मध्येच जगाला दाखवली.

वुहानचा करारही असाच नाजूक विणलेला. दरमहा ५० हजार डॉलरपर्यंत पगार, राहण्या-खाण्यासाठी दीड लाख डॉलरच्या वर, प्रयोगशाळेसाठी आणखी १५ लाख. बदल्यात वर्षाला किमान नऊ महिने वुहानचं काम. इकडे हार्वर्डची नोकरी आणि अमेरिकी सरकारची घसघशीत अनुदानं चालूच होती. म्हणजे लीबर यांचं वर्ष एकवीस महिन्यांचं असणार!

पगाराचा काही भाग शंभर डॉलरच्या नोटांत, रोख मिळायचा. त्या नोटा पिशवीत घालून आपण बोस्टनला आणल्या आणि करखात्याला कळवलं नाही, हे लीबर यांनीच एफबीआयला सांगितलं. मीटरचा अब्जावा भाग टिपणाऱ्या नजरेतून नोटांची पिशवी तेवढी निसटली.

जानेवारी २०२० मध्ये अटक झाली, डिसेंबर २०२१ मध्ये ज्यूरीने सहाही आरोपांत दोषी ठरवलं. तपासात खोटं सांगणं, चुकीची कर विवरणपत्रं, लपवलेलं चिनी बँक खातं. हेरगिरीचा आरोप नव्हताच. शिक्षा काय, तर अटकेत काढलेले दोन दिवस, सहा महिने घरातच मुक्काम, थकलेला कर आणि ५० हजार डॉलर दंड. म्हणजे वुहानचा एका महिन्याचा पगार.

आता त्याच गावातल्या एमआयटीची कथा. गांग चेन हे तिथले प्राध्यापक. नॅनो पातळीवर उष्णता कशी वाहते हा त्यांचा विषय. चीनमधल्या शेनझेनच्या एका विद्यापीठाशी त्यांचा दुवा होता खरा, पण करार खुद्द एमआयटीने केला होता. पाच वर्षांत अडीच कोटी डॉलर यायचे, तेही एमआयटीकडे. लपवाछपवीचं नावच नाही. तरी चिनी संबंध लपवल्याच्या आरोपावरून जानेवारी २०२१ मध्ये सरकारने उचललं ते चेन यांनाच! हे पैसे त्यांचे नव्हेत, संस्थेचे आहेत, असं एमआयटीच्या अध्यक्षांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं. शंभरावर सहकाऱ्यांनीही पाठिंब्याच्या पत्रावर सह्या केल्या. सरकारला हे उमगायला वर्ष लागलं आणि जानेवारी २०२२ मध्ये खटला मागे घेतला गेला.

थोडक्यात, विद्यापीठाला अंधारात ठेवलं तरी बेड्या आणि विद्यापीठाने स्वतः सही केली तरी बेड्या. या साऱ्यामागची, चिनी हेरगिरी रोखण्यासाठी काढलेली 'चायना इनिशिएटिव्ह' नावाची मोहीम अमेरिकेच्या न्याय खात्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये गुंडाळली.

राहता राहिले लीबर. ते २०२५ मध्ये शेनझेनला शिंघ्वा विद्यापीठाच्या संस्थेत पूर्णवेळ प्राध्यापक म्हणून रुजू झाले, राजरोस. चीनला जो माणूस नऊ महिन्यांच्या बोलीवर मिळाला होता, तो आता बाराही महिने मिळाला आहे.