एक रुपया दरानं पाचशे शेअर

"ऐकलंत का, पोराला परत ब्रेक दिला!" कपडे वाळत घालता घालता काकूंनी भिंतीपलीकडून बातमी टाकली. त्यांचा धाकटा वाळूजला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटी. सात महिने काम, मग ब्रेक, मग त्याच मशीनवर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावानं हजर. "मंदी हाय म्हणायलेत. आन् साहेबाला नवी गाडी! मंदी साहेबाच्या दारात जात नसती का?"

गुरुजी पेपर घेऊन आलेच. रिटायर झाल्यापासून ते परभणीत बसून सगळ्या कंपन्या चालवतात. "संघटना काय करायली?" त्यांनी विचारलं.

"कोणती? गेटवर बोर्ड तीन हायेत. इलेक्शन आली की चौथा लागतो."

यात काकूंची अतिशयोक्ती फारशी नाही. पक्ष तितक्या कामगार सेना, हे आपल्याकडं जुनंच. एकेकाळी कामगार नेते दत्ता सामंतांचं प्रीमियर मोटार कारखान्याच्या गेटवर वजन होतं. १९९७ साली त्यांचा खून झाला. तसा दरारा नंतर कुणाचा राहिला नाही.

मी चाकणचा विषय काढला. २०१३ साली बजाजच्या चाकण कारखान्यात पन्नास दिवस संप चालला. पगारवाढ तर मागितलीच, पण दिलीप पवारांच्या संघटनेची एक मागणी वेगळी होती: प्रत्येक कामगाराला एक रुपया दरानं पाचशे शेअर द्या. बाजारात त्या शेअरचा भाव हजारावर. राजीव बजाज ठाम राहिले, काम बजाजच्याच वाळूज कारखान्यात हलवायची भाषा झाली, ऑगस्टात संप मिटला आणि शेअर काही मिळाले नाहीत.

"म्हंजे चाकणच्या पोरांच्या पोटावर आमच्या वाळूजचा पाय?" काकू.

"पाय कंपनीचा हो. वाळूज फक्त बूट."

मागणी तेव्हा अनेकांना हास्यास्पद वाटली. मला ती शहाणी वाटते. साहेबाचा पगार कोण ठरवतं हे त्या कामगारांना बरोबर उमगलं होतं. सरकार नाही, संघटना नाही. संचालक मंडळ आणि भागधारक.

गुरुजी खुलले. "टाटा मोटर्सचं विसरलात का? २०१४!" त्यांच्याकडं टाटा मोटर्सचे थोडे शेअर आहेत आणि ती गोष्ट ते संधी मिळेल तेव्हा सांगतात. कंपनीचा इथला धंदा मंदावलेला, नफा अपुरा. कायद्यानं नफा पुरेसा असला तर संचालकांना सगळे मिळून त्याच्या अकरा टक्क्यांपर्यंत घेता येतं. नफा नसला किंवा अपुरा पडला तर जास्तीच्या पगारासाठी भागधारकांची तीन-चतुर्थांश मतं लागतात. तीन वरिष्ठांच्या पगाराचे ठराव भागधारकांना पाकिटातून मतदानाला पाठवले आणि तेवढी मतं पडलीच नाहीत! पुढं काही महिन्यांनी ते पुन्हा मांडून मंजूर करून घेतले, ही शेपटी गुरुजी सांगत नाहीत, मीच जोडते.

"आन् तळेगाव?" काकूंच्या भाच्यामुळं त्यांना ते नाव पाठ. जनरल मोटर्सनं डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबवलं. चिनी ग्रेट वॉल कंपनी तो कारखाना घेणार होती, पण गलवानच्या भारत-चीन चकमकीनंतर दिल्लीची परवानगी अडकली. २०२२ मध्ये सौदा बारगळला, २०२३ मध्ये ह्युंदाईनं कारखाना घ्यायचा करार केला. मधली वर्षं कामगार कोर्टात आणि उपोषणाला. आणि जनरल मोटर्सच्या प्रमुख मेरी बारांचं २०२० सालचं मानधन? दोन कोटी डॉलरच्या वर.

काकूंनी चिमटा तोंडातून काढला. "आता कळलं मंदी कुठं जाती."

शेअर बाजारात असलेल्या प्रत्येक कंपनीला वार्षिक अहवालात छापावं लागतं की संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट. पण ठेकेदाराच्या हजेरीपटावरचं पोरगं कंपनीचं कर्मचारीच नाही, म्हणून ते त्या हिशेबात येत नाही. आकडा आहे त्याहून सभ्य दिसतो तो असा.

"गुरुजी, टाटाच्या ठरावावर तुम्ही तवा काय मत दिलं?" काकूंनी विचारलं.

गुरुजींनी पेपर दुमडला. "ते पाकीट... उघडायचं राहिलं."

आता पाकीट येत नाही, मेल येतो. तुमच्याकडं एखाद्या गाडीवाल्या कंपनीचे चार शेअर असतील तर यंदा तो उघडा, साहेबांच्या पगाराचा ठराव असेल तर वाचा आणि मत द्या.