जनरल डब्याची कडी आतून लावणाऱ्यास

अरे कडीवाल्या,

तुझं नाव मला ठाऊक नाही, हात मात्र चांगला लक्षात आहे. मे महिन्यातल्या त्या शनिवारी माणगावला खिडकीबाहेर येऊन ‘पुढे जा, पुढे जा’ असा हलत होता तोच. कडी लावायला तो तत्पर होता, काढायला त्याला लकवा भरला.

तुझ्या दारासमोर एक आजी उभ्या होत्या. चिपळूणला लेकीकडे निघालेल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू. त्यांनी आधी हाक मारली, मग दार ठोठावलं, शेवटी दोन्ही हातांनी बडवलं. “उघड रे बाळा!” बाळाने खिडकी खाली ओढून घेतली. गाडी तिथे थांबते जेमतेम दोन मिनिटं. ती सुटली तेव्हा मी धावत मागच्या डब्याचा दांडा धरला, पण आजींच्या गुडघ्यांना ते कुठून जमणार? त्यांच्या नशिबी महामार्गाचे खड्डे आणि मिळेल ती एसटी आली.

वीर मागे पडल्यावर माणसांतून वाट काढत मी तुझ्या डब्यात आलो. दाराशी चार भल्यामोठ्या सॅक ओळीने उभ्या, एकीला तंबूची गुंडाळी बांधलेली. मधल्या जागेत मॅट अंथरलेली आणि मॅटवर रमीचा डाव. ‘जागाच नाही’ म्हणून तू ज्यांना हाकललंस, त्यांच्यातली पाच-सहा माणसं त्या मॅटवर सहज उभी राहिली असती.

पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्यांतला मीही आहे. पुण्याहून एसटीने ताम्हिणी उतरून माणगाव गाठायचं, तिथून रेल्वेने कुडाळ, पुन्हा एसटीने मालवण, की तारकर्लीचा किनारा आलाच. असं फिरणं मला मनापासून आवडतं. खिशाला परवडतं, शेजारी बसलेली माणसं भेटतात, त्यांच्या डब्यातली घावनं हातावर पडतात. ही माणसं नको असतील तर स्वतःची गाडी काढ. गर्दीच्या डब्यात सॅक पोटावर घ्यायची, बसलं की पायाशी किंवा मांडीवर, एवढी साधी रीत तुला कुणी शिकवली नाही का?

आणि हा मार्ग कुणाच्या जिवावर उभा राहिला? रोह्यापासून मंगळूरपर्यंतची कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. तिच्यासाठी इथल्या लोकांच्या बागा गेल्या, भातखाचरं गेली. त्यांच्याच दारातून जाणाऱ्या गाडीत त्यांना शिरू न देणारा तू कोण? आपण दोन दिवस समुद्र बघायला आलेले पाहुणे. त्या डब्यातून लोक बाळंतिणीकडे, दवाखान्यात, कोर्टाच्या तारखेला जातात.

कायदाही ऐक. अनारक्षित डब्यात दुसऱ्या प्रवाशाला अडवणं हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १५५ खाली गुन्हा आहे. त्याला ठेवलेला दंड दोनशे रुपयांपर्यंतचा. ही रक्कम वाचून मला संताप येतो. त्या दिवशी तर तोही भरायला लावणारं कुणी डब्यात फिरकलं नाही.

जनरल डबे अपुरे आहेत, हे मला मान्य. कोकणातल्या प्रवासी संघटना ते वाढवून मागतच आहेत. तिथे तुझा आवाज लाव, निवेदनावर सही कर, मी तुझ्या शेजारी उभा राहीन. पण डबे कमी म्हणून त्याचा राग फलाटावरच्या म्हातारीवर काढायचा, ही कुठली मर्दुमकी?

गणपतीला हीच गाडी याहून दुप्पट भरून येईल. तेव्हा तू त्यात असशील तर दाराजवळ बसूच नकोस. बसलासच तर माणगाव यायच्या आधी पत्ते आवर, मॅट गुंडाळ, कडी काढ आणि चढणाऱ्याची पिशवी आधी हातात घे.

तुझ्याच गाडीतला,
एक सॅकवाला