बुडवा, पण वेळेवर

अमेरिकेत 2008 च्या आसपास घरांच्या किमती कोसळल्या आणि शॉर्ट सेल या प्रकाराला बरकत आली. समजा, घरावर कर्ज चार लाख डॉलरचं आणि बाजारात घराला गिऱ्हाईक अडीच लाखाचं. मग बँकेच्या हातापाया पडून घर अडीच लाखातच विकायचं आणि उरलेल्या दीड लाखावर बँकेने पाणी सोडायचं. बँक पाणी सोडते, पण त्याआधी महिनोन्‌महिने चुळा भरत बसते.

घर विकणाऱ्याला डोक्यावर छप्पर तर हवंच. म्हणून जुन्याचा सोक्षमोक्ष लागायच्या आतच तो नव्या कर्जाच्या रांगेत उभा राहतो. इथून पुढे करमणूक.

जुन्या कर्जाच्या टेबलावर अनेकांना असं ऐकवलं गेलं: हप्ते वेळेवर भरताय ना? मग अडचण कसली? आधी थकवा, मग या. नव्या कर्जाच्या टेबलावर मात्र सरकारी हमीच्या, म्हणजे एफएचए कर्जाचा डिसेंबर 2009 चा नियम ठेवलेला. विक्रीआधीच्या बारा महिन्यांत एकही हप्ता चुकला नसेल तर लगेच अर्ज करा. हप्ते थकवून विकलं असेल तर तीन वर्षांनी तोंड दाखवा. म्हणजे हप्ता थकलाही पाहिजे आणि थकता कामाही नये. हिरण्यकश्यपूला मारताना नरसिंहाला निदान उंबरठा तरी सापडला होता. इथे उंबरठ्यावरच कर्ज.

याच नियमाला आणखी एक शेपूट होतं. पडत्या बाजाराचा फायदा उपटायला जुनं घर शॉर्ट सेलमध्ये काढलं आणि कामावर ये-जा करण्याच्या अंतरातच तसलं किंवा त्याहून झकास घर घ्यायला निघालात, तर कर्ज नाही. थोडक्यात, पश्चात्ताप चौरस फुटांत दिसला पाहिजे, नाहीतर मैलांत.

काही हुशार मंडळींनी क्रमच उलटा केला. पत शाबूत आहे तोवर नवं घर घ्यायचं, जुनं भाड्याने देणार असं कागदावर लिहायचं आणि मग जुन्याची किल्ली बँकेच्या अंगावर टाकायची. तेव्हा 2008 मध्ये बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मेने फर्मावलं की जुन्या घरात तुमचा स्वतःचा तीस टक्के हिस्सा नसेल, तर ते भाडं आम्ही उत्पन्नात धरणार नाही. ज्यांचा हिस्सा शून्याच्याही खाली गेला होता, त्यांनी काय धरायचं?

अशा पळपुट्यांना नीतिपाठ द्यायला मॉर्टगेज बँकर्स असोसिएशन, म्हणजे गृहकर्ज देणाऱ्यांचीच संघटना, पुढे सरसावली. तिचे तेव्हाचे प्रमुख जॉन कोर्सन यांनी विचारलं की कर्ज सोडून जाणारे आपल्या कुटुंबाला, मुलांना, मित्रांना काय शिकवण देतात? प्रश्न रास्त. पण याच संघटनेने 2007 मध्ये वॉशिंग्टनमध्ये 7.9 कोटी डॉलरला मुख्यालय घेतलं होतं आणि त्यासाठी 7.5 कोटींचं कर्ज काढलं होतं. फेब्रुवारी 2010 मध्ये ते सुमारे 4.1 कोटींना विकलं. राहिलेल्या कर्जाचं काय, यावर बोलायला संघटनेने नकार दिला. संघटनेला मुलंबाळं नसतात, हे इथे लक्षात घ्यावं.

संघटनेने पुढे बिऱ्हाड मांडलं तेही त्याच शहरात, भाड्याच्या जागेत. ती जागा जुन्या जागेपेक्षा झकास आहे का आणि कामावर ये-जा करण्याच्या अंतरात आहे का, ही चौकशी बहुधा राहूनच गेली.