नाखवा आणि खलाशी

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, प्रवचनांना जातात, सोसायटीच्या कमिटीवर उभी राहतात. आमच्या नाखव्यांनी ३२ फुटी शिडाची बोट घेतली. नाखवा हे नाव आम्ही ठेवलेलं. दादरच्या घरात या गृहस्थांना चहाची पावडर कुठल्या डब्यात असते हे ठाऊक नाही. पण गेटवेसमोर बोटीवर पाय ठेवला की आवाज बदलतो, आणि बायकोची खलाशी होते.

सगळं ज्ञान पुस्तकातलं. जायचं असतं जेमतेम मांडव्यापर्यंत. तरी निघण्यापूर्वी, कमांडर दिलीप दोंदे २००९-१०मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा कशी करून आले, हे ऐकावंच लागतं.

"ते एकटे होते," वहिनी म्हणतात, "म्हणून ओरडायला कोणी नव्हतं."

शिडाची बोट वाऱ्यावर सरळ चालून जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंश बाजूला राहून, कधी या अंगाने, कधी त्या अंगाने, नागमोडी पुढे सरकायचं. हे वहिनींना शिकवावं लागलं नाही. नाखव्यांशी त्या इतकी वर्षं अशाच बोलत आल्या आहेत.

वळण्याची मात्र एक रीत असते. आधी 'रेडी अबाउट' असा हुकूम, खलाशाचं उत्तर, मग सुकाणू; कारण वळताना शिडाखालचा आडवा दांडा, बूम, सपकन दुसऱ्या बाजूला जातो. नाखवे आधी सुकाणू फिरवतात आणि मग त्यांना हुकूम आठवतो. वहिनी वाकायला हुकुमाची वाट बघत नाहीत. पाहुणे बघतात. माझ्या कपाळाला विचारा.

"अगं, जिब शीट ईझ कर!"

"अहो, सोडू की ओढू, तेवढं सांगा."

मागच्या खेपेस मांडव्याच्या अलीकडे बोट हळूच थांबली. शीड भरलेलं, नाखवे ताठ, आणि किनारा जिथल्या तिथे. तळाचा दीड मीटरचा कणा गाळात रुतला होता. नाखव्यांनी आधी नकाशाला दोष दिला, मग यंत्राला, मग माझ्या वजनाला.

वहिनींचं माहेर रेवदंड्याचं. त्यांनी तिथी विचारली. नवमी. "नऊ पाऊणे पावणेसात. सकाळी पावणेसातला भरती, एकच्या सुमारास पुरती ओहोटी. आत्ता अकरा वाजलेत. तीनला सुटू." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा हिशेब किनाऱ्यावर पोरासोरांना येतो. वर त्या म्हणाल्या, "भांगाचं पाणी आहे म्हणून बरं. उधाणाला मुंबईत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. आडवे झालो असतो." आणि त्यांनी थालीपिठांचा डबा उघडला.

नाखव्यांनी पाठ फिरवून भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं. बराच वेळ आकडेमोड केली. मग काही न बोलता थालीपीठ घेतलं.

तीनला दहा मिनिटं असताना बोट हलली. नाखवे उडी मारून सुकाणूशी गेले, "सगळे आपापल्या जागी!" म्हणून गरजले. परतल्यावर त्यांनी बोटीच्या रोजनिशीत काय लिहिलं, ते मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं: 'मांडव्याजवळ ओहोटीचा अभ्यास करण्यासाठी थांबलो. अंदाज अचूक. खलाशी एक. शिस्तीत सुधारणेस वाव.'

खाली तपासणाऱ्याची सही वहिनींची होती.