मावशीचं नाक आणि पन्नास केबी

फोटोची फाइल बारीक करणारी साधनं एकमेकांशी ताडून पाहण्याचा नाद लागला, की माणूस कामातून गेला. गूगलच्या क्रोमवाल्यांनी 2018 साली आणलेलं ‘स्क्वूश’ त्यात सर्वांत घातक. मधोमध उभी रेघ, एकीकडे मूळ फोटो, दुसरीकडे बारीक केलेला. रेघ सरकवत बसायचं. मावशीच्या नाकाचा शेंडा चौपट मोठा करून अलीकडचा बरा की पलीकडचा, यावर काथ्याकूट करायचा. मावशीने स्वतःसुद्धा ते नाक इतकं निरखलेलं नसतं.

जेपेग 1992 सालची, पण अजून जागेवरून हलायला तयार नाही. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे त्यांतून गाळायचे, ही तिची रीत. उजेड-सावलीच्या बाबतीत डोळा चोखंदळ, रंगांच्या बाबतीत भोळा. म्हणून रंगांवर जास्त हात मारता येतो. पैठणीच्या पदरावर मात्र ही चलाखी उघडी पडते. क्वालिटी फार खाली ओढली, की जरीच्या बुट्ट्यांभोवती शेवाळ धरल्यासारखं दिसतं. लग्नपत्रिकेच्या अक्षरांचंही तेच. तिथे आपली पीएनजी बरी, एकही ठिपका न गमावणारी. पण तिच्या हाती मावशीचा फोटो दिला, की फाइल फुगून टम्म.

2017 साली गूगलनेच ‘गेट्झली’ काढलं. जेपेगच, पण जास्त काटकसरी. आणि इतकं संथ, की फोटो लावून द्यावा, चहा टाकावा, प्यावा, कपबशी विसळून ठेवावी. मोझिलाचं ‘मोझजेपेग’ मला त्यापेक्षा समंजस वाटतं: फार मिरवत नाही, वेळ खात नाही आणि त्याची फाइल कुठेही उघडते. एव्हीआयएफ ही जेपेगहून वेगळ्या जातीची फाइल; ती सहसा या सगळ्यांहून लहान भरते. मात्र फार आवळली, तर कातडीवरचे बारीक पोत पुसून सगळं गुळगुळीत करते. तज्ज्ञ याला दोष म्हणतात. मावशीच्या सुरकुत्या गेल्या; तिच्या मते हेच साधन उत्तम.

हे सगळं ज्ञान बँक भरतीच्या ऑनलाइन अर्जासमोर लुळं पडतं. तिथे फोटो हवा 20 ते 50 केबीचा, आणि जेपेगच. मावशीच्या नातवाचा फोटो मी मोठ्या कौशल्याने 14 केबीत बसवला होता, चेहऱ्यावर एक डाग नाही. अर्ज म्हणाला, फाइल फार लहान आहे. मग क्वालिटी वाढवत वाढवत तो पुन्हा जाडा करत बसलो.