दादासाहेबांची हवा

आलिशान गाडी परवडणारा माणूस आणि सेकंडहँड आलिशान गाडी परवडणारा माणूस, हे दोन वेगळे प्राणी आहेत. पहिल्याला गाडी परवडते. दुसऱ्याला फक्त तिची किंमत परवडते. आमचे दादासाहेब दुसऱ्यातले.

दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्लीत बंदी आली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि इकडं दादासाहेबांचं नशीब उघडलं. तिकडची नऊ वर्षांची विलायती एसयूव्ही त्यांनी नव्या हॅचबॅकच्या भावात उचलली. पेढे वाटले. गल्लीत हवा झाली. ती हवा आठवडाभर टिकली. गाडीतली तेवढीही टिकली नाही.

तर या गाडीला पाटे नाहीत की लोखंडी स्प्रिंगा नाहीत. चार चाकांवर चार रबरी फुगे. कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो आणि सेन्सर उंची सांभाळतात. बटण दाबलं की गाडी उठते, दाबलं की बसते. वर्षानुवर्षं दुमडून दुमडून रबराला घडीवर भेगा पडल्या, की ती बटणाशिवायही बसते. रात्री हत्तीसारखी उभी केलेली गाडी पहाटे डावा गुडघा टेकून बसलेली असते, थेट देवळातल्या नंदीसारखी. शेजारच्या आजी सोमवारी तिला हात जोडतात म्हणे. मी पाहिलेलं नाही.

रोज सकाळी सहाला दादासाहेब टॉर्च आणि वहिनींची शिवणाची टेप घेऊन गाडीपुढं उकिडवे बसतात. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेप धरायची आणि आकडा डायरीत लिहायचा. अशी गाडी असलेला दुसरा कोणी भेटला की दोघं रक्तातल्या साखरेसारखी चौकशी करतात.

"तुमची कुठली बसते?"

"मागची उजवी. रात्रीत दोन इंच."

"पथ्य काय?"

"उतारावर लावत नाही."

हायवेवरच्या फिटरनं साबणाचं पाणी मारलं आणि बुडबुडे दाखवले. "पंक्चर हाय, मालक." दादासाहेब दुखावले. "पंक्चर सायकलीचं असतं. ह्याला एअर लीक म्हणतात." फिटर म्हणाला, "म्हणा. पण बिघाड बघत बसलात तर गळकी हवा भरून भरून कॉम्प्रेसर बी जळंल." दादासाहेब बघत बसले. कॉम्प्रेसर जळाला.

त्याच संध्याकाळी मी सांत्वनाला गेलो, तर त्यांनी मलाच इतिहास ऐकवला. "1955 च्या सित्रोएन डीएसमध्ये तेल आणि वायूचं सस्पेन्शन होतं. तीसुद्धा उभी केली की खाली बसायची. पण 1962 मध्ये पॅरिसजवळ फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळीबार झाला, टायर फुटले, तरी ह्याच गाडीनं त्यांना सुखरूप काढलं!"

आतून वहिनी म्हणाल्या, "आपल्यावर कोण गोळीबार करतंय? भाजी आणायला स्कूटी पुरते." एका फुग्याच्या पैशात जुनी स्कूटी येते, हे त्यांनी एव्हाना पाठ केलंय.

चार लोखंडी स्प्रिंगा टाकून हे दुखणं कायमचं मिटवता येतं. फिटरनं तो उपाय सुचवला, तेव्हा दादासाहेब मुलीला सांगून आलेलं कमी शिकलेलं स्थळ नाकारावं तसे म्हणाले, "स्प्रिंगा जीपला टाकतात." मग त्यांनी बटण दाबलं. नवा कॉम्प्रेसर घरघरला, गाडी सावकाश उठली आणि तिच्याबरोबर दादासाहेबांची छातीही दोन इंच वर आली. त्या दोन इंचांचे हप्ते ते अजून फेडताहेत.

तुम्हाला अशी गाडी घ्यायची असेल, तर संध्याकाळी बघायला जाऊ नका. तेव्हा मालकानं इंजिन चालू ठेवून ती ताठ उभी केलेली असते. रात्रभर उभी ठेवायला सांगा आणि पहाटे, तिला कोणी चावी लावायच्या आत, जा. खरी उंची तेव्हाच कळते. मालकाचीसुद्धा.