थांबराव

थांबरावांना टीव्ही बघताना कोणी पाहिलेलं नाही. टीव्हीबद्दल बोलताना मात्र न्यू जर्सीतल्या निम्म्या मराठी मंडळींनी ऐकलं आहे. पाळण्यातलं नाव अर्थातच वेगळं. पण कोणी काही विकत घ्यायला निघालं की हे गृहस्थ हात आडवा करून "थांब जरा" म्हणतात, म्हणून मंडळाच्या गणपतीत कोणीतरी हे दुसरं बारसं उरकून टाकलं. थांबराव मोटारींतही असतात आणि फोनमध्येही असतात. आमचे उपग्रह टीव्हीतले.

२००७ साली मी डिश घ्यायची म्हटली, तर माझ्याकडे त्यांनी कीव आल्यासारखं बघितलं. "आत्ता? अरे, जुलैत डायरेक्टीव्ही कंपनीचा नवा उपग्रह वर गेलाय. मार्चमध्ये दुसरा जाईल. शंभर एचडी वाहिन्या येतायत!" शंभर वाहिन्यांवर बघायचं काय, हा प्रश्न त्यांच्या मते अडाणी. तो त्यांच्या खात्यातच येत नाही.

त्यांच्या स्वतःच्या छपरावर डिश होती. ते भारतात गेलेले असताना वहिनींनी कोणाला न विचारता ती बसवून घेतली होती, म्हणून होती. पुढे पुण्याहून आई सहा महिने राहायला आल्या आणि त्यांनी पहिल्याच दिवशी आक्षेप घेतला. "दक्षिणेकडे तोंड करून काही लावू नये रे." थांबरावांनी त्यांना अंगणात उभं करून समजावलं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर छत्तीस हजार किलोमीटरवर असतात, पृथ्वीच्या वेगानं फिरतात, म्हणून आपल्याला एका जागी थांबल्यासारखे दिसतात. अमेरिकेतून बघायचं तर दक्षिणेलाच बघावं लागतं. आईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्याच रात्री वादळी पाऊस आला, छत्तीस हजार किलोमीटर बिनबोभाट आलेला सिग्नल शेवटच्या चार-दोन किलोमीटरच्या ढगात अडकला आणि पडदा काळा झाला. आई काही बोलल्या नाहीत. जपमाळ घेऊन आत गेल्या.

मार्च २००८ मधला एक सोमवार कचेरीत अजून आठवतात. थांबराव उतरल्या चेहऱ्यानं आले. सहकाऱ्यांना वाटलं, भारतातून फोन आला. एकानं हळूच विचारलं, "कोण?" थांबराव म्हणाले, "एएमसी-१४." डिश नेटवर्क या दुसऱ्या कंपनीच्या एचडी वाहिन्यांसाठीचा हा उपग्रह बायकोनूरहून प्रोटॉन रॉकेटवर गेला होता. वरच्या टप्प्याचं इंजिन ठरलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी बंद पडलं आणि उपग्रह भलत्याच कक्षेत राहिला. थांबराव डिश नेटवर्कचे ग्राहकही नव्हते. पण येणाऱ्याचं दुःख त्यांना आलेल्याहून जास्त.

घरात रोजचं जे दुःख होतं ते वहिनींच्या वाट्याला. रेकॉर्डिंगच्या पेटीत दोन ट्यूनर, म्हणजे एका वेळी दोनच कार्यक्रम टिपता यायचे. रविवारी मुलाचं फुटबॉल, मुलीचा सिनेमा आणि वहिनींची हिंदी मालिका एकत्र आली की मालिकेचा बळी. शिवाय टिपलेलं फक्त दिवाणखान्यातच बघता येई. तिथे थांबराव लॅपटॉपवर पुढच्या पेटीचे तपशील वाचत बसलेले असायचे, पाय टीपॉयवर, टीव्हीच्या बरोबर आड. "नवी पेटी घेऊ या का?" असं वहिनींनी म्हटलं की उत्तर ठरलेलं. "चूक करशील. पुढच्या वर्षी सगळ्या घराला मिळून एकच येतेय."

यात त्यांचं खोटं नव्हतं, आणि हीच त्यांची खरी पंचाईत. ते सांगायचे ते बहुतेक यायचंच. २०१० मध्ये डायरेक्टीव्हीनं एका खोलीत टिपलेलं दुसऱ्या खोलीत बघायची सोय महिना तीन डॉलरला दिली. थांबराव म्हणाले, दोन ट्यूनरचीच आहे, थांबा. जानेवारी २०१२ मध्ये लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात डिश नेटवर्कनं 'हॉपर' दाखवली. मुख्य पेटी कांगारू, आणि बाकीच्या खोल्यांतल्या छोट्या पेट्या तिची पिल्लं, 'जोई'. तीन ट्यूनर, दोन टेराबाइटची डिस्क, आणि चार बड्या वाहिन्यांचे रात्रीचे तीन-तीन तास ती न सांगता टिपून आठ दिवस सांभाळणार. रोजची बारा तासांची भर! नोकरी, बर्फ उपसणं आणि मंडळाच्या सभा सांभाळून हे बघायचं कुणी आणि कधी, हे कोष्टक थांबरावांनी कधी मांडलं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात हॉपर जाहिराती आपोआप गाळू लागली, तेव्हा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी कोर्टात गेल्या. थांबरावांनी खटल्याची एकेक बातमी वाचली आणि ग्राहकाच्या हक्कांवर मंडळाच्या सहलीत बसभर व्याख्यान दिलं. जाहिरातींच्या मधला कार्यक्रम त्यांनी एकही बघितला नव्हता.

जुन्या पेटीनं एकदाचा प्राण सोडला, तेव्हा नाइलाजानं त्यांनी संपूर्ण घराची यंत्रणा घेतली. वास्तुशांतीला बोलवावं तसं आम्हांला बोलावणं आलं. दिवाणखान्यात कपडे धुण्याच्या पावडरची एक जाहिरात चालू होती, ती त्यांनी मध्येच थांबवली. "चला वर." बटाटेवड्याच्या बश्या घेऊन आम्ही माडीवर. शयनगृहातल्या टीव्हीवर तीच बाई, तोच डागाळलेला सदरा, जिथे थांबली होती तिथून पुढे. मग तळघरात, मग मुलीच्या खोलीत (ती दार उघडेना). सदरा स्वच्छ झाला तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात होतो. त्यात वहिनींची मालिका चालू करायचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

पुढे डिस्क भरत गेली. बर्फाळ प्रदेशातले लांडगे, दुसरं महायुद्ध, 'एचडीत जपून ठेवण्यासारखा' म्हणून एक ऑपेरा. ठेवणीतल्या कपबश्या पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात राहतात आणि पाहुणे आले की कागदी पेले निघतात, तसं ते सगळं. थांबराव रात्री जेवण झाल्यावर रिमोट घेऊन नुसती यादी वरून खाली बघत. जागा संपत आली की कुठलं पुसायचं यावर विचार करत. एकदा जागा व्हावी म्हणून वहिनींच्या मालिकेचे भाग पुसले गेले आणि लांडगे राहिले. त्या आठवड्यात आम्हांला त्यांच्याकडे कोणी जेवायला बोलावलं नाही.

जानेवारी २०१६ मध्ये हॉपर-३ जाहीर झाली. ट्यूनर सोळा. थांबरावांचे डोळे चमकले. तोवर मुलं कॉलेजला गेलेली, घरात माणसं दोन. सुटीत मुलगा येई तो फोनवर काहीतरी बघत सोफ्यावर पडून राही. एकदा त्यानं विचारलंही, "बाबा, छपरावरचं ते अजून चालू आहे?" वहिनीही आता आयपॅडवर हव्या त्या वेळी मालिका बघत. "वाट बघायची म्हणून का आयुष्यभर वाट बघायची?" हे त्यांचं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय.

माझ्या मते थांबराव टीव्हीचे भोक्ते कधीच नव्हते. त्यांना फक्त आश्वासनं आवडतात. अशा माणसाशी वाद घालू नये, कारण त्याची माहिती चोख असते. फक्त त्याला विचारून खरेदी करू नये.

नोव्हेंबर २०१८ मध्ये डायरेक्टीव्हीची तेव्हाची मालक कंपनी एटी अँड टीनं सांगून टाकलं की यापुढे आपण नवे उपग्रह बांधून घेणार नाही. आधीच तयार होत आलेला टी-१६ तेवढा २० जून २०१९ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान-५ रॉकेटवर गेला. त्या संध्याकाळी थांबरावांना मंडळाची बैठक होती, म्हणून उड्डाणाचा व्हिडिओ त्यांनी 'नंतर बघू'च्या यादीत टाकला. तो अजून तिथेच आहे.